फुग्यावरची तारीख

भाजलेल्या चेहऱ्याला चिकटपट्टी चिकटत नाही. गोष्ट एवढीशी, पण ती न कळल्यामुळे माणसं गेलेली मी पाहिली आहेत. बाकीच्या वॉर्डांत तोंडातून श्वासाची नळी घातली की गालावर दोन पट्ट्या मारतात आणि चहाला जातात. आमच्याकडे गालच नसतो. असतं ते ओलं, सोललेलं मांस, त्यावर मलम, आणि मलमावरून पट्टी साबणासारखी घसरते. नळी एकदा निघाली की परत घालायची सोय नाही, कारण तोवर चेहरा सुजून भोपळा झालेला असतो. ओठ कुठे संपले आणि नाक कुठे सुरू झालं ते शोधावं लागतं. ती नळी म्हणजे त्या माणसाचं उरलेलं एकमेव दार. ते दार धरून ठेवणं हे माझं काम होतं. भाजलेल्यांच्या आयसीयूत चौदा वर्षं मी ब्रदर होतो.

आम्ही बोटभर रुंदीची सुती फीत वापरायचो. नळीला दोन वेढे, मग फितीची दोन टोकं कानांवरून मागे नेऊन पुन्हा पुढे. कानाखाली गॉझची घडी, नाहीतर भाजलेला कान दोन दिवसांत कापला जातो. गाठ कानशिलाशी मारायची, डोक्यामागे नाही, कारण पेशंट उताणाच झोपलेला असतो. फितीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. एक गेलं तर फीत मांसात रुतते, तीन गेली तर नळी पळते. पहिले दोन दिवस सूज चढते, तेव्हा दर दोन तासांनी सैल करायचं. उतरायला लागली की आवळायचं. नळीवर सेंटिमीटरचे आकडे छापलेले असतात, त्यातला दाताशी कोणता आहे तो दर वेळी तक्त्यावर लिहायचा.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. नळीच्या आतल्या टोकाला फुगा असतो. तो श्वासनलिकेत फुगवला की बाजूने हवा गळत नाही. त्या आतल्या फुग्यातून सुतळीएवढी बारीक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला पेराएवढा दुसरा फुगा असतो. हा बाहेरचा फुगा चिमटीत दाबून पाहायचा. कडक लागला तर आतलाही भरलेला. घशाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळायची तेवढी एकच खिडकी. आणि आमच्या वॉर्डात एक पद्धत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नळी ज्या दिवशी घातली त्या दिवसाची तारीख आणि दाताशी असलेला आकडा त्या बाहेरच्या फुग्यावर मार्करने लिहायचा. कागद हरवतात, फाइली भिजतात. फुगा पेशंटला जोडलेला असतो.

गाठ ही अक्षरासारखी असते. कोणाची आहे ते बघताक्षणी कळतं. रात्रपाळीच्या सिस्टरची गाठ लठ्ठ, शिकाऊ मुलींची फुलपाखरासारखी. माझी चपटी, दोन पेडी, शेपूट वरून आत खोचलेलं. इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, "लग्नाच्या गाठी वर बांधतात, बाकीच्या सगळ्या आमच्या गाठीमास्तरांकडे." मी हसायचो. मला ते आवडायचं.

मार्चच्या सहा तारखेला सकाळी साडेआठला एक बाई आली. हॉटेलचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. वाळवणीच्या खोलीतला गॅस भडकला आणि ती दार उघडायला पुढे झाली. चेहरा, मान, दोन्ही हात. भुवया नाहीत. आवाज बसलेला. आवाज बसला म्हणजे घसा आतून सुजतोय. भुलीच्या मॅडम धावतच आल्या. वेळ न घालवता त्यांनी सात नंबरची नळी घातली, आतला फुगा भरला, दाताशी आकडा बघितला, एकवीस, आणि मला म्हणाल्या, "बांधा."

मी बांधली. बारीक नळी फितीखालून काढून फुगा गालावर ठेवला. मार्कर उघडून लिहिलं: ६-३, २१.

मग हातांच्या ड्रेसिंगला मदत करायला गेलो आणि डाव्या हाताची करंगळी दिसली. मधल्या पेरातून बाहेरच्या बाजूला वाकलेली. वॉर्डच्या लोखंडी दारात सापडून ती तशी झाली होती. तेव्हा तिला लाकडी पट्टी लावून मीच बांधलं होतं.

मावशी होत्या त्या. आमच्याच वॉर्डातल्या मावशी. अकरा वर्षं याच खाटांखालून त्यांनी फडका फिरवला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांना काढून टाकलं.

मी ड्रेसिंग पुरं केलं. 

दर दोन तासांनी सैल करायचं म्हणून साडेदहाला मी मावशींच्या, पाच नंबरच्या खाटेशी गेलो. फीत आधीच सैल केलेली होती. दोन बोटं बरोबर जात होती. सुती फीत सोडून पुन्हा बांधली की तिच्यावर जुन्या गाठीच्या चुण्या राहतात. चुण्या होत्या. नवी गाठ चपटी, दोन पेडी, शेपूट आत खोचलेलं.

"सिस्टर, पाचची फीत कोणी केली?"

"तुमचीच गाठ दिसतेय की. विसरायला लागलात? आता बदाम खा."

"मी आत्ता आलोय."

"मग तुमच्या भुताने केली असेल. त्यालाही पगारावर घेऊ या, माणसं कमीच आहेत."

मीही हसलो. सकाळी धावपळ होती, केली असेन. चौदा वर्षांत हाताला सवय लागते, डोक्याला पत्ता नसतो.

साडेबाराला पुन्हा गेलो. पुन्हा आधीच केलेली. चेहरा आता चांगलाच चढला होता, डोळे फटीसारखे मिटलेले, आणि फीत त्या चेहऱ्याला अशी बसली होती की सूज किती येणार हे तिला आधीच माहीत असावं. मी टॉर्च मारून दाताशी आकडा वाचला. तेवीस.

 तेवीस म्हणजे नळी दोन सेंटिमीटर आत गेली. इनचार्ज सिस्टरना हाक मारली. त्यांनी चष्मा वर केला, टॉर्च घेतली, वाकून पाहिलं.

"एकवीस. काय हो? चष्म्याचा नंबर काढा आता."

मी परत पाहिलं. एकवीस.

एक वाजता दारात मावशींची मुलगी भेटली. कडेवर दोन वर्षांची पोर. पोर काचेतून आत बघत होती आणि काचेला जीभ लावत होती.

"तुम्हीच ते ब्रदर ना?" मुलगी म्हणाली. "आई नेहमी सांगायची. नळी बांधावी तर ब्रदरनी. नशीब बघा, तुमच्याच हाती आली."

मी म्हटलं, "होईल सगळं नीट."

"एक विचारू? आईच्या हातून खरंच माणूस गेला होता का?" तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हिला तिने एकदा उचललेलं नाही. दोन वर्षांची झाली ही. म्हणते, माझ्या हातात काही देऊ नका. ताटसुद्धा दोन हातांनी धरते. मी रागावले, शिव्या दिल्या, पोर रडत असली तरी ही आपली भिंतीला टेकून उभी. म्हणते, माझा हात लागला की माणूस जातो."

"तसं काही नसतं," मी म्हटलं.

तसं काही नव्हतंच. कसं होतं ते जगात मी एकटा जाणतो. आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला एक वेल्डर आला. टाकीला ठिगळ लावताना टाकीत उरलेली वाफ पेटली. आठ नंबरची नळी, दाताशी तेवीस. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी त्याची फीत बदलायला घेतली. रक्त आणि पाणी वाळून फीत पुठ्ठ्यासारखी झाली होती, गाठ सुटेना. अशा वेळी फीत सलाईनने भिजवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. मला दोनला सुटायचं होतं. मी कात्री घेतली. मावशी दोन तळव्यांत त्याचं डोकं धरून उभ्या होत्या, हलू नये म्हणून. कात्री चालवायच्या आधी बारीक नळी बोटाने बाजूला घ्यायची, हे मी शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून शिकवायचो. त्या दिवशी मी घेतली नाही. फितीबरोबर ती कापली गेली.

अगदी बारीक आवाज झाला. जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा.

त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. कापलेली दोन टोकं मी एकमेकांना बांधली, दोन बारीक शेपट्यांची गाठ. सिरिंजने बाहेरच्या फुग्यात हवा भरली. तो टणक झाला. आतल्या फुग्यात हवा जाणं शक्यच नव्हतं, गाठीने वाट बंद केली होती; आत उरली तेवढीच थोडी हवा अडकून राहिली. मला वाटलं जाईल, असं मी पुढे स्वतःला सांगायचो. खोटं. मला माहीत होतं. गाठ नव्या पांढऱ्या फितीखाली सरकवली, बाहेरचा फुगा गालावर ठेवला आणि दोन वाजता पुढच्या पाळीला चार्ज दिला: नळी तेवीसला, फुगा कडक.

मी कपडे बदलत होतो तेव्हा परत बोलावलं. वेल्डरला कुशीवर वळवल्यावर हवा गळायला लागली होती. भुलीच्या मॅडमनी फुगा दाबला. कडक. परत दाबला. कडक. म्हणजे फुगा ठीक आहे, म्हणजे नळीच वर सरकलीय, म्हणजे कुणीतरी ओढलीय. "कूस वळवताना कोण होतं?" त्यांनी विचारलं. मी मावशींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचा हात लागला बहुतेक."

बहुतेक. हा शब्द मी वापरला. त्या शब्दाने त्यांची अकरा वर्षं खाल्ली.

मॅडमनी नळी बदलायचा प्रयत्न केला. चेहऱ्याचा भोपळा, आत काही दिसेना. गळ्याला भोक पाडेपर्यंत त्याचं हृदय थांबलं. नळी मीच काढली आणि पिवळ्या पिशवीत टाकली, जी संध्याकाळी भट्टीत जाते. चौकशी बसली, दीड दिवसात उठली. मावशी समितीपुढे म्हणाल्या, "ब्रदर म्हणतात तर लागला असेल माझा हात." त्यांनी कात्री पाहिली नव्हती. त्या वेल्डरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या.

हे सगळं पोटात ठेवून मी तीन वर्षं जेवलो, झोपलो, आणि शिकाऊ मुलींना कात्री कशी धरायची ते शिकवलं.

सात तारखेला सकाळी आठला चार्ज घेतला. रात्रपाळीची सिस्टर जांभई देत म्हणाली, "पाचची फीत सैल करायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा केलेली. संध्याकाळी फारच ढिली बांधून गेलात की काय?"

"मी दोनला घरी गेलो."

"मग दुपारपाळीवाल्यांनी केली असेल. पण गाठ तुमची होती."

पाच नंबरच्या खाटेशी वास येत होता. जळक्या मांसाचा नाही, तो आम्हाला आता येतच नाही. तापलेल्या लोखंडाचा. मला वाटलं श्वासाच्या मशीनची वायर जळतेय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने प्लग काढला, हुंगला, लावला. मागे हात फिरवला. "गार आहे, साहेब." मग नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं. "कुणी वेल्डिंग करतंय का वरच्या मजल्यावर?"

वर गच्ची होती. गच्चीला कुलूप होतं.

अकरा वाजता फीत बदलायची वेळ झाली. या वेळी मी सलाईन ओतलं आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत थांबलो. कात्री खिशातसुद्धा ठेवली नव्हती. नवीन आया, महिन्याभरापूर्वी लागलेली, डोकं धरून उभी होती. गाठ भिजली, सुटली. फीत उचलली. खाली बारीक नळी होती.

तिच्या मधोमध गाठ होती. दोन बारीक शेपट्यांची.

मी चिमटीत धरून पाहिली. दोन कापलेली टोकं एकमेकांना बांधलेली. एक शेपटी लांब, एक आखूड, आखूड टोक तिरकं कापलेलं. आम्ही ड्रेसिंगला वापरायचो त्या वाकड्या कात्रीने कापलं की ते तसं कापलं जातं. मशीनकडे पाहिलं. हवा पुरी जात होती, गळती शून्य. कापलेल्या नळीला गळती शून्य कशी असेल? फुगा पालथा पडला होता. मी तो दाबला. कडक. उलटून पाहिला नाही.

सांगायला हवं होतं. तेव्हाच मॅडमना हाक मारायला हवी होती. पण त्या विचारणार, हे काय आहे? आणि मला ते काय आहे ते नको इतकं नेमकं माहीत होतं. आणि हवा तर जात होती. गळत तर नव्हती. नवीन आया म्हणाली, "ब्रदर, हात भरून आले हो."

मी नवी फीत घेतली. गाठ तिच्याखाली सरकवली. चपटी, दोन पेडी, शेपूट आत खोचून बांधली.

माणूस सुधारत नाही. वेळ आली की त्याच बिळात शिरतो.

त्यानंतर मी पाच नंबरपासून हललो नाही. मावशींच्या डोळ्यांच्या फटी मिटलेल्या होत्या. भूल हलकी केली होती, त्यामुळे बँडेजमधली बोटं मधूनमधून हलायची. करंगळीच्या जागी बँडेज बाहेरच्या बाजूला वाकलेलं होतं. काचेपलीकडे मुलगी बाकावर बसली होती आणि पोर बाकाखाली चप्पल घालून बघत होती.

एक वाजता मी तोंड धुऊन आलो.

एक वाजून दहा मिनिटांनी आयाने चादर ओढायला मावशींना कुशीवर घेतलं. मी डोकं धरलं. आवाज झाला. जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा.

मग घशात गुळगुळ.

मशीन ओरडायला लागलं. आत जाणारी हवा अर्धी, मग पाव. भुलीच्या मॅडम शेजारच्या खाटेवरून आल्या. त्यांनी फुगा दाबला.

"कडक आहे."

परत दाबला.

"कडकच आहे. मग गळतेय कुठून?" त्यांनी आयाकडे पाहिलं. "कूस कोणी वळवली?"

आयाचे हात चादरीवरच राहिले. ती म्हणाली, "मी... मी हळूच केलं हो मॅडम."

"नळी वर आलीय. बदलावी लागेल. सामान आणा."

सिस्टर धावल्या. ट्रॉलीची चाकं वाजली. मावशींचा चेहरा भोपळा झाला होता. ओठ कुठे, नाक कुठे. आत काही दिसणार नव्हतं. मला माहीत होतं, मॅडमनाही माहीत होतं.

आया माझ्याकडे बघत होती.

अगदी तसंच. तीन वर्षांपूर्वी मावशींनी पाहिलं होतं, अगदी तसंच.

"मॅडम," मी म्हटलं. "नळी हलवू नका. फीत उचला."

"काय?"

"फितीखाली गाठ आहे. फुगा खोटं बोलतोय."

त्यांनी फीत उचलली. गाठ पाहिली. दोन शेपट्या.

"कोणी मारली ही?"

"मी."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी."

 मग त्यांना कळलं. सगळं नाही, पण पुरेसं. कारण त्या दिवशीही फुगा त्यांनीच दाबला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

"कात्री," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे नव्हती. सिस्टरनी दिली.

मॅडमनी गाठीच्या अलीकडे, तोंडाच्या बाजूला, बारीक नळी कापली. उरलेल्या तोंडात बोथट सुई बसवली, सुईला सिरिंज, आणि आतल्या फुग्यात हवा भरली. गुळगुळ थांबली. मशीनचं ओरडणं थांबलं. सुईला चिमटा लावला. एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत.

दोन मिनिटं. वेल्डरला कोणी दिली नाहीत. मी दिली नाहीत.

कापलेला तुकडा, गाठ आणि फुगा, मॅडमनी स्वतःच्या हाताने रक्त तपासायच्या बाटलीत टाकला. झाकण लावलं, वर चिकटपट्टी गुंडाळली, सही केली.  आया भिंतीशी बसून रडत होती. संध्याकाळी मी सगळं लिहून दिलं, सात पानं, आणि माझ्या कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरच्या टेबलावर ठेवली. त्यांनी विनोद केला नाही.

मावशी वाचल्या. नवव्या दिवशी नळी काढली. अकराव्या दिवशी मी गेलो. वॉर्डात शिरायची मला मनाई होती, पण दारावरचा माणूस ओळखीचा होता.

पडद्याआड बसून मी त्यांना सांगितलं. कात्री, गाठ, पिवळी पिशवी, बहुतेक.  त्यांचा आवाज अजून खरखरीत होता, शब्दाशब्दाला थांबावं लागत होतं.

"म्हणजे माझा हात नव्हता?"

"नव्हता, मावशी."

त्यांनी बँडेजमधले दोन्ही हात वर उचलले आणि बघत राहिल्या. उलटून, पालटून. जसे कोणीतरी ते परत दिले आहेत.

"पोरगी रांगायला लागली तेव्हा माझ्या पायाशी यायची," त्या म्हणाल्या. "मी पाय आत घ्यायचे."

मी खाली बघितलं.

"मला वाटलं होतं, माफी मागायला आलात."

"मागायचीच आहे."

"मागू नका. मी देणार नाही." त्यांनी डोळे मिटले. "जा. जाताना पडदा ओढून घ्या."

मी पडदा ओढून घेतला.

चौकशी महिन्याभराने झाली. या वेळी समितीत तिघे होते आणि त्यांना घाई नव्हती, कारण मावशींच्या बाजूने एका वर्तमानपत्राचा वार्ताहर बाहेर बसला होता. मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. सही त्यांचीच, पट्टी न फाडलेली. अध्यक्षांनी झाकण उघडलं, चिमट्याने तुकडा काढला, पांढऱ्या कागदावर ठेवला. गाठ त्यांनी भिंगातून पाहिली. मग फुगा उलटला.

"यावर काहीतरी लिहिलंय. चौदा, अकरा. तेवीस."

अध्यक्षांनी तक्ता उघडला.

"पेशंट मार्चमध्ये आली ना?"

"सहा मार्च," मॅडम म्हणाल्या.  "एकवीस."

"मग हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. जुना फुगा कुठून तरी बाटलीत आला असेल, असं काहीतरी ते म्हणाले. दुसरे म्हणाले, तो भट्टीत गेला असं यांनीच लिहून दिलंय. मॅडम म्हणाल्या, "मी पेशंटच्या तोंडाशी कापलाय तो. माझ्या हाताने." मग तिसऱ्याने वेल्डरची जुनी फाइल मागवली.

आमच्याकडे ड्रेसिंगवाला रोज दुपारी दीड वाजता प्रत्येक चेहऱ्याचा फोटो काढायचा, जखम कशी भरतेय ते कळायला. फोटो फाइलच्या शेवटी पाकिटात असतात. पाकीट चिकटवलेलंच होतं. पहिल्या समितीने ते उघडलंच नव्हतं. मावशीला काढायला फोटो लागत नाहीत.

पाकिटात दोन फोटो निघाले. दुसऱ्याच्या मागे ड्रेसिंगवाल्याच्या अक्षरात वेल्डरचा खाट नंबर, १५-११, वेळ एक तीस. कात्री चालवून वीस मिनिटं झाली होती.

फोटो माझ्यापुढे सरकवला. सुजलेला चेहरा, अर्धी जळालेली मिशी. नवी पांढरी फीत, चपटी गाठ, दोन पेडी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मावशींचे दोन हात, तळवे सपाट, नळीपासून वीतभर लांब, कशालाही न लागलेले. डावी करंगळी वाकडी. कातडी धड.

आणि गालावर फुगा, सुलटा. मार्करची शाई ओली असावी तशी चमकत होती.

६-३, २१.